मुरूड ते अंजर्ले चालत जायचं असेल तर चतुर्थी गाठा

तुम्ही दोन दिवस दापोलीत आहात, त्यातला अर्धा दिवस समुद्राकाठाने एका गावाहून दुसऱ्या गावाला चालत जायचंय, सोबत साठी ओलांडलेली आई आहे, तर कुठली वाट धरावी, असा तुमचा प्रश्न आहे. माझं आजोळ अंजर्ल्याचं, त्यामुळे मी दुसरं काही सुचवणार नाही. मुरूडहून निघा (दापोलीचं मुरूड, जंजिऱ्याचं नव्हे) आणि हर्णैवरून अंजर्ल्याला या. सगळं मिळून 10-12 किलोमीटर होतात.

दिवस मात्र नीट निवडा. मुरूडची पुळण ओहोटीला रुंद आणि टणक होते, पाय रुतत नाहीत. भरतीत तीच वाट मऊ वाळूतून काढावी लागते आणि दोन किलोमीटरांत पोटऱ्या भरून येतात. भरतीची वेळ काढायला आजीने शिकवलेला हिशेब अजून माझ्या कामी येतो: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी म्हणजे चार, त्याचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती आणि त्याआधी सहा तास, सकाळी नवाच्या आसपास, पूर्ण ओहोटी. थोडं पुढेमागे होतं, पण चालण्यापुरतं पुरतं. विनायकी असो की संकष्टी, आकडा तोच. शिवाय वाट संपते ती कड्यावरच्या गणपतीपाशी, म्हणून आमच्या घरी चतुर्थीच धरतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली एखादी चतुर्थी पाहा आणि सकाळी सातला मुरूड सोडा.

निघण्याआधी मुरूडच्या पाखाड्यांतून (गावातल्या दगडी वाटांवरून) एक फेरी मारा, दुर्गादेवीच्या देवळातलं लाकडी कोरीवकाम पाहा. महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं हे गाव. परीक्षेला बसण्यासाठी ते इथून साताऱ्यापर्यंत, सुमारे 110 मैल, पावसातून चालत गेले होते आणि तिथे त्यांना वयाने लहान दिसतोस म्हणून परत पाठवलं. मुरूडच्या वाळूत पाय टाकताना मला हे दर वेळी आठवतं. पुढे 1893 साली त्यांनी विधवेशी लग्न केलं तेव्हा याच गावाने त्यांना वाळीत टाकलं होतं. आज गावात त्यांचा पुतळा आहे.

वाळू संपून कातळ सुरू झाला की खडकांवरून वळसा घालायचा मोह टाळा. शेवाळावर पाय सटकतो आणि पाणी चढायला लागलं की परतता येत नाही. सरळ वर रस्त्याला लागा आणि हर्णै गाठा.

हर्णैत घाई करू नका. बंदरावरचा मासळीचा लिलाव जरूर पाहा. होड्या खोल पाण्यात थांबतात आणि बैलगाड्या पाण्यात शिरून मासळी काठावर आणतात. पापलेट, सुरमई, कोळंबीचे ढीग वाळूतच लागतात आणि बोली कोळणीच लावतात. मध्ये उभं राहून फोटो काढू नका, त्यांच्या कामाची वेळ असते ती. आईंना वास सहन होणार नसेल तर त्यांना सरळ कनकदुर्गाकडे न्या. बुरुजाचे अवशेष आणि दीपगृह आहे, वर वारा छान असतो आणि समोर पाण्यात सुवर्णदुर्ग दिसतो.

इथे थोडा वेळ बसाच. आंग्र्यांच्या आरमाराचा हा सुवर्णदुर्ग 1755 च्या एप्रिलमध्ये कमोडोर विल्यम जेम्सने घेतला, तोही पेशव्यांशी हातमिळवणी करून, तुळाजी आंग्र्यांविरुद्ध. आपलंच आरमार मोडायला आपण इंग्रजांना बोलावलं, ही गोष्ट मला त्या तटाकडे पाहताना दर वेळी सलते. जेम्सच्या पत्नीने त्याच्या स्मरणार्थ लंडनला शूटर्स हिल इथे 1784 मध्ये बुरूज बांधला. त्याचं नाव सेव्हर्नड्रूग, म्हणजे आपला सुवर्णदुर्गच. 2025 मध्ये हा दुर्ग शिवरायांच्या इतर किल्ल्यांबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. होडीने किल्ल्यावर जाता येतं, पण त्याला वेगळा दिवस ठेवा.

पुढे पाजपंढरी, कोळ्यांची दाट वस्ती. त्यानंतर जोग नदीची खाडी. आजीच्या काळी ती तरीने ओलांडायची, आता पूल आहे.

पूल उतरलात की अंजर्ल्याच्या वाड्या सुरू होतात. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळाने इथल्या नारळी-पोफळी आडव्या केल्या. आमच्या वाडीत उभी राहिलेली पोफळ बोटांवर मोजण्याइतकी होती. पोफळ लावली की सुपारी धरायला पाच-सात वर्षं जातात, त्यामुळे त्यानंतर लावलेली रोपं आत्ता कुठे फळाला येतायत. तुम्ही जाल तेव्हा उंच झाडांच्या मधोमध कोवळी झाडं दिसतील, ती त्या वर्षानंतरची. वाडीत शिरताना घरच्यांना विचारा, नको कुणी म्हणत नाही.

जेवणाचं आदल्या दिवशी फोन करून सांगून ठेवा. इथे माणसं मोजून भात टाकतात, आयत्या वेळी मोदक मिळत नाहीत.

गणपती गावावरच्या कड्यावर आहे, उजव्या सोंडेचा. देऊळ पूर्वी समुद्राकाठी होतं, पाणी चढू लागलं तसा देव कड्यावर गेला, असं आमच्याकडे सांगतात. जाताना त्याने टेकलेलं पाऊल पायऱ्यांच्या वाटेवर दाखवतात, आजी तिथे थांबून आम्हाला नमस्कार करायला लावायची. तिथून खाली पाहिलंत की पोफळीचे शेंडे, खाडीचं तोंड, हर्णै आणि पाण्यातला सुवर्णदुर्ग, सकाळपासूनची वाट जवळजवळ सगळी नजरेत येते. अंजर्ल्याला लागूनच मुर्डी, 1899 मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर (गणिताच्या परीक्षेत पहिला) झालेल्या पहिल्या भारतीयाचं, रघुनाथराव परांजप्यांचं गाव. ते कर्व्यांच्या नात्यातले.

परतीच्या एसटीची वेळ सकाळीच विचारून घ्या, फेऱ्या कमी असतात. आणि आईंना पायऱ्या झेपणार नसतील तर देवळापर्यंत गाडीरस्ताही आहे. त्यांना रिक्षाने वर पाठवा, तुम्ही मात्र पायऱ्यांनीच चढा.