‘माय हिरो अकॅडेमिया’: कोण कुणाचं, आणि नाव कुणी ठेवलं

या जपानी मालिकेबद्दल (आधी मांगा, म्हणजे चित्रकथा, मग ॲनिमे) तुमचे प्रश्न तीन आहेत असं धरतो. खलनायक दाबी आणि हिरो-शाळेतला शोतो यांचं नेमकं नातं काय, दुसरा खलनायक शिगाराकी याचा अव्वल हिरो ऑल माइटशी संबंध कुठून आला, आणि कथानायक इझुकूचे वडील आहेत कुठे. खलनायकांचा म्होरक्या ऑल फॉर वनच इझुकूचा बाप आहे का? सहावा सीझन संपवलाय म्हणता, तेव्हा तिथपर्यंतचं मोकळेपणाने लिहितो. पुढचं येईल तिथे आधी सांगेन.

जपानीत आडनाव आधी, इंग्रजी सबटायटलमध्ये नंतर, आणि वर हिरो म्हणून घेतलेलं नाव वेगळं. त्यामुळे तोदोरोकी एन्जी, एन्जी तोदोरोकी आणि एंडेव्हर ही तीन माणसं आहेत असं नवख्याला वाटतं. वंशावळीचा तक्ता करत बसू नका, गोंधळ वाढतो. त्यापेक्षा प्रत्येक नावापाशी थांबून विचारा की हे ठेवलं कुणी? आईबापांनी, स्वतः, की तिसऱ्याच कुणी? लेखक-चित्रकार होरिकोशी कोहेईने या मालिकेतली बरीचशी दुखणी तिथेच लपवली आहेत.

तोदोरोकी घराणं घ्या. एन्जीला ऑल माइटच्या पुढे जायचं होतं. आपल्याच्याने ते होत नाही म्हटल्यावर ते मुलाकडून करून घ्यायचं त्याने ठरवलं. आगीची क्वर्क (या जगातली माणसाची अद्भुत शक्ती) वापरली की त्याचं अंग तापतं, म्हणून बर्फाची क्वर्क असलेल्या हिमुरा घराण्यातल्या रेईशी लग्न लावून घेतलं. चार मुलं झाली: तोया, फुयुमी, नात्सुओ, शोतो. फुयुमीतला ‘फुयु’ म्हणजे हिवाळा, नात्सुओतला ‘नात्सु’ म्हणजे उन्हाळा. शोतोच्या नावात दोन चित्राक्षरं आहेत, एक जळण्याचं आणि दुसरं गोठण्याचं. आता गंमत बघा. या जगात क्वर्क सहसा चौथ्या वर्षापर्यंत कधीतरी दिसते. म्हणजे पोरगं पाळण्यात असताना, त्याच्या अंगात काय आहे हे कुणालाच ठाऊक नसताना, नावात मागणी लिहून झाली होती. पोराने ती पुरी केली हे त्याचं दुर्दैव.

तोया हा थोरला, आणि तोच दाबी. त्याची आग बापापेक्षा प्रखर, पण शरीर आईच्या वळणावर गेलेलं, थंडी सोसणारं. स्वतःच्याच ज्वाळेने त्याची कातडी भाजायची. हे लक्षात आल्यावर एन्जीने त्याची तालीम बंद केली, पण ‘तू माझा मुलगा आहेस, एवढं पुरे’ असं म्हणायला मात्र तो विसरला. तेराव्या वर्षी तोयाने बापाला सेकोतो शिखरावर बोलावलं. बाप आला नाही. डोंगर पेटला आणि घरच्यांच्या हाती जबड्याच्या हाडाचा तुकडा लागला. पोरगं मात्र जिवंत होतं. तीन वर्षांनी शुद्धीवर येऊन तो चोरपावलांनी घरी गेला, तेव्हा घरात त्याचाच फोटो देव्हाऱ्यात ठेवलेला, आणि पलीकडे बाप शोतोला पूर्वीसारखाच झोडपून तयार करतोय. तोया मागे फिरला. नंतर त्याने स्वतःला नाव घेतलं ‘दाबी’, म्हणजे दहनसंस्कार. शब्द बौद्ध परंपरेतला, मूळ पालीतून चीनमार्गे जपानला पोचलेला. घरच्यांनी ज्याचे दिवसकार्य उरकले त्याने दुसरं कुठलं नाव घ्यायचं?

दुसऱ्या सीझनमधला हिरो म्हणून नावं निवडायचा शाळेतला वर्ग पुन्हा एकदा पाहा. पहिल्या खेपेला तो विनोदी भाग म्हणून निघून जातो, कारण इझुकूचा वर्गमित्र बाकुगो कात्सुकी पाटीवर ‘स्फोटहत्येचा राजा’ छापाचं काहीतरी लिहितो आणि शिक्षिका मिडनाइट ते नाकारते. पण त्याच वर्गात शोतो फक्त ‘शोतो’ लिहितो. आडनाव नाही, पदवी नाही. त्याच वर्गातल्या इइदा तेन्याची गत त्याहून अवघड. त्याचा थोरला भाऊ तेन्सेई म्हणजे ‘इंजेनियम’, पिढीजात हिरो घराणं, दोघा भावांच्या नावात ‘आकाश’ हे एकच चित्राक्षर. खलनायक स्टेनने तेन्सेईला नुकतंच कायमचं जायबंदी केलंय, भाऊ आपलं नाव तेन्याला देऊ पाहतोय, आणि तेन्या पाटीपुढे अडून बसतो. शेवटी लिहितो ‘तेन्या’. ‘इंजेनियम’ तो पुढे घेतो, पेलण्याजोगा झाल्यावर.

बाकुगोवर लोक रागावतात, पण त्याचं घर एन्जीच्या घराशेजारी ठेवून बघा. आई मित्सुकीच्या त्वचेतून ग्लिसरीन स्रवतं, बाप मासारूच्या तळव्यांना आम्लासारखा घाम येतो. दोन्ही मिळून पोराच्या हातात स्फोटक. हीसुद्धा जोडीच, फक्त कुणी हिशेब करून जमवलेली नाही. आणि नाव? मासारू ज्या चित्राक्षराने लिहितात ते, अधिक मित्सुकीच्या नावातलं शेवटचं, बरोबर ‘कात्सुकी’. अर्धं बापाचं, अर्धं आईचं. मला तरी हे मालिकेतलं सगळ्यात शहाणं नामकरण वाटतं.

आता शिगाराकी. शिमुरा नाना ही वन फॉर ऑलची (एकाकडून दुसऱ्याकडे सोपवली जाणारी क्वर्क) सातवी वारसदार, ऑल माइटची गुरू. (आपल्याकडे नाना म्हटलं की टोपीवाले काका उभे राहतात; इथे ती तरुण बाई आहे.) तिच्या नवऱ्याला ऑल फॉर वनने मारलं, म्हणून मुलगा कोतारो सुरक्षित राहावा यासाठी तिने त्याला दुसऱ्यांच्या घरी वाढायला दिलं. कोतारोच्या लेखी आईने टाकलं एवढंच खरं. मोठेपणी त्याने घराचा नियम केला की हिरोंचा विषय काढायचा नाही. कोतारोचा मुलगा तेन्को, म्हणजेच पुढचा शिगाराकी. बहीण हानाने लहानग्या तेन्कोला बाबांच्या खोलीतला आजीचा फोटो दाखवला, बापाला कळल्यावर घाबरून बोट तेन्कोकडे दाखवलं, आणि मार तेन्कोने खाल्ला. त्याच रात्री अंगणात त्याच्या हातांना ती विनाशी शक्ती फुटली. कुत्रा, बहीण, आजी-आजोबा, आई, आणि शेवटी, यावेळी मनापासून, बाप.

रस्त्यावर भटकणाऱ्या त्या पोराला जवळ केलं ते ऑल फॉर वनने. त्याने नाव दिलं ‘तोमुरा’, ज्यात शोक करण्याचं चित्राक्षर आहे, आणि आडनाव दिलं स्वतःचं, शिगाराकी. म्हणजे ऑल माइटच्या गुरूचा नातू शत्रूच्या आडनावाने वाढला. कामिनोच्या लढाईत ऑल फॉर वन हे ऑल माइटला हसत सांगतो, तो घाव कुठल्याही ठोशापेक्षा खोल बसतो. *इथून पुढचं वाक्य शेवटच्या सीझनचं आहे, नको असेल तर ओलांडा:* तेन्कोच्या हातातली ती शक्तीही जन्मजात नव्हती, तीही त्यानेच दिलेली.

वन फॉर ऑलच्या वारसदारांच्या नावांत आकडेही जुळतात. योइचीत एक, शिनोमोरीत चार, नाना म्हणजे सात, यागीतला (ऑल माइटचं खरं आडनाव) ‘या’ आठ, नववा वारसदार इझुकूतला ‘कू’ नऊ. सगळ्यांचं बसत नाही, ओढूनताणून बसवू नका.

नावांचा हा शौक एकदा अंगाशीही आला. फेब्रुवारी २०२० मध्ये ऑल फॉर वनच्या साथीदार दुष्ट डॉक्टरचं नाव ‘शिगा मारुता’ असं छापलं गेलं. दुसऱ्या महायुद्धात जपानी लष्कराचं ७३१ पथक ज्या कैद्यांवर प्रयोग करायचं त्यांना ‘मारुता’, म्हणजे लाकडाचे ओंडके, म्हणत. चीन आणि दक्षिण कोरियात संताप उसळला. शिगाराकीतला ‘शिगा’ आणि गुबगुबीत देहावरून बाकीचं, एवढाच विचार होता असा खुलासा झाला, माफी मागितली गेली, आणि डॉक्टर ‘गाराकी क्युदाई’ झाला. हेतू नसेल, मान्य. पण जो लेखक एकेक चित्राक्षर पारखून ठेवतो त्याच्या आणि त्याच्या संपादकांच्या नजरेतून हे सुटावं, हे मला आजही पटत नाही.

हिरो हॉक्सचं थोडक्यात: खरं नाव ताकामी केइगो, चोर बापाचा मुलगा, ज्या बापाला एंडेव्हरने पकडलं. म्हणून तो एंडेव्हरचा भक्त, आणि म्हणूनच दाबी जगासमोर हॉक्सचं खरं नाव उघडं करतो तेव्हा ते हत्यार ठरतं.

राहिले इझुकूचे वडील. नाव हिसाशी, क्वर्क तोंडातून आग काढण्याची, नोकरी परदेशात. मांगा ऑगस्ट २०२४ मध्ये ४३० व्या प्रकरणावर संपला, तोवर त्यांचा चेहरा दिसला नाही. ऑल फॉर वनच बाप, हा चाहत्यांचा लाडका तर्क. कथेत त्याला कुठेही दुजोरा नाही. ‘हिसाशी’ ज्या चित्राक्षराने लिहितात तेच इझुकूच्या नावातलं दुसरं. म्हणजे बाप आहे, नावात आहे, आणि घर आई इन्कोने एकटीने चालवलंय. सातवा सीझन लावण्याआधी पाचव्याचे शेवटचे भाग तेवढे परत बघा, तेन्कोचं बालपण तिथे आहे.