तीन वाजता कोण जागं होतं?

मावशी,
मी 36 वर्षांचा, नागपुरात मानेवाड्याला राहतो, बुटीबोरीला कंपनीत आहे. मँचेस्टर युनायटेड या इंग्लंडातल्या फुटबॉल संघाचा चाहता. 21 मे 2008 ची मॉस्कोची चॅम्पियन्स लीग फायनल होस्टेलच्या टीव्हीवर पाहिली, चेल्सीला पेनल्टीवर हरवलं, त्या रात्रीपासून. यंदा, 2025 ला, नेमक्या त्याच तारखेला बिलबाओत युरोपा लीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेची फायनल टॉटनहॅमकडून 0-1 हरलो. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये पंधरावे. 42 गुण, 18 पराभव. 1974 ला संघ खालच्या श्रेणीत गेला होता, त्यानंतर इतका खाली कधीच नव्हता. फायनलनंतर दोन दिवस मी कुणाशी बोललो नाही, धड जेवलो नाही. त्याच युरोपा लीगमधला, एप्रिलमधला फ्रान्सच्या ल्योंविरुद्धचा सामनाही मी अर्धवट सोडला होता. 2-4 झाल्यावर टीव्ही बंद केला, ही कूलरमध्ये पाणी टाकायला उठली होती, मी रिमोट सोफ्यावर फेकला आणि झोपलो, सकाळची पाळी होती. पहाटे डबा भरताना हिनंच सांगितलं, "जिंकले. तू ज्याच्यावर ओरडत राहतो ना, त्यानंच मारला डोक्यानं." पण शेवटी काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंच. घरात माझं दुःख कुणालाच समजत नाही. आता नव्या सीझनला बघू, की सोडून देऊ?
— लाल जर्सीवाला

राजा,

तुझं मूळ पत्र आठ पानांचं, वर त्यातला थोडाच भाग दिलाय. ऑक्टोबरच्या शेवटी प्रशिक्षक टेन हागला काढलं तिथून तू सुरुवात करतोस. नोव्हेंबरात त्याच्या जागी आमोरिम आला, त्यानं मागे तिघांची बचावफळी लावली, त्या रचनेला लागतात तसे खेळाडू संघात नव्हते, हे सगळं तू इतकं नीट समजावलंस की शाळेतल्या पोराला कळावं. चौदा खेळाडूंची नावं आहेत, मी मोजली. बायकोचं नाव एकदाही नाही. ती 'ही' आहे, आणि आठ पानांत तिच्या वाट्याला दोन ओळी आल्यात. मी त्या दोन ओळींपाशी थांबले आणि तिथून हलणार नाही.

"जिंकले" असं ती म्हणाली. "जिंकले म्हणे" असं नाही म्हणाली. तारखा आणि मिनिटं नेमकी लिहिणारा माणूस तू, तेव्हा तिचे शब्दही जसेच्या तसे उतरवले असशील असं मी धरते. ऐकीव गोष्ट सांगताना आपल्याकडे 'म्हणे' आपसूक येतं. हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

जरा हिशेब कर. सामना आपल्याकडे रात्री साडेबाराला सुरू झाला. नव्वद मिनिटं बरोबरीत गेली, मग जादा वेळ. तू रिमोट फेकलास तेव्हा अडीच कधीच वाजून गेले होते, आणि खेळ संपला तो तीनच्या सुमारास. तीनला संपलेल्या सामन्याचा निकाल सकाळी दारात पडणाऱ्या पेपरात नसतो. फोनवर पाहिलं असेल म्हणशील. बरं, तसं धरू. पहाटे उठून, कणीक भिजवायच्या आधी, तुझ्या बायकोनं फोन उघडून इंग्लंडातल्या एका संघाचं काय झालं ते शोधलं. एवढ्यानंच तुझं 'कुणालाच समजत नाही' हे वाक्य खोटं ठरतं. पण मला ते फोनचं पटत नाही. फोनवर आकडे कळतात, 5-4 कळतं. डोक्यानं मारला, आणि तू ज्याच्यावर वर्षभर ओरडतोस त्यानंच मारला, हे असं सांगतो तो पाहणारा माणूस.

तुझं पत्र आल्यावर मी तो सामना पहिल्यापासून शेवटपर्यंत बसून पाहिला. तिनं काय पाहिलं असेल ते मला पाहायचं होतं. 2-0 ची आघाडी, मग सहा मिनिटांत 2-2. ल्योंचा एक खेळाडू लाल कार्ड घेऊन बाहेर गेला आणि उरलेल्या दहांनी जादा वेळेत आणखी दोन गोल केले. तुझा संताप मला समजतो, खरंच समजतो. त्या क्षणी ओल्ड ट्रॅफर्डवरची, तुमच्या संघाच्या मैदानावरचीही काही माणसं उठून दरवाजाकडे निघाली असतील. मग 114 व्या मिनिटाला ब्रुनोची पेनल्टी. 120 व्या मिनिटाला मेनू. आणि त्यानंतर मिनिटभरात मग्वायर, ज्याचं काम मागे राहून गोल अडवायचं, ज्याला शेवटी नाइलाजानं पुढे पाठवलं होतं, त्यानं उडी मारून डोकं लावलं.

त्या सात मिनिटांत तू आतल्या खोलीत घोरत होतास. बाहेर, आवाज बारीक करून, कूलरच्या घरघरीत एक बाई एकटी बसली होती. रिमोट तिनं सोफ्यावरून उचलला असणार. का उचलला, याचा तू दोन महिन्यांत एकदा तरी विचार केलास? तुला उठवायला ती खोलीच्या दारापर्यंत आली आणि पहाटेची पाळी आठवून परत फिरली का? मला माहीत नाही. तुला माहीत असायला हवं होतं.

माझे वडील रेल्वेत होते, अजनीच्या क्वार्टरमध्ये राहायचो आम्ही. लोक नागपूरला क्रिकेटचं शहर म्हणतात, पण मोहननगरात आणि कामठीत फुटबॉलसाठी जीव टाकणारी माणसं मी लहानपणापासून पाहत आलेय. वडील सायकल काढून मोतीबागच्या मैदानावर मॅच बघायला जायचे. आई कधी गेली नाही, तिला कुणी चल म्हटलंच नाही. संध्याकाळी सायकल स्टँडवर लावल्याचा आवाज यायचा आणि आई तेवढ्यावरून सांगायची, आज हरले. वडील गेल्यावर वर्षभरानं मी तिच्याजवळ बसले होते, सहज विषय निघाला, तर तिनं त्या काळच्या रेल्वेच्या संघातली सगळी नावं घडाघडा म्हणून दाखवली. कोण डाव्या पायानं मारायचा, कुणाचा गुडघा गेला, सगळं. चाळीस वर्षं ती वडिलांचं बोलणं भाकरी थापता थापता ऐकत होती. मी म्हटलं, अगं, तू बाबांना कधी सांगितलं नाहीस? ती म्हणाली, त्यांनी विचारलं असतं तर सांगितलं असतं. हे लिहितानाही माझा घसा दाटतो. म्हणून तुझ्यावर मी जरा चिडूनच लिहितेय, आणि ते तू सहन कर.

फायनलच्या रात्री ती कुठे होती, हे तू लिहिलेलंच नाहीस. 42 व्या मिनिटाला जॉन्सनचा गोल झाला तो लिहिलास. व्हॅन डी व्हेननं हवेत आडवं होऊन गोलरेषेवरून चेंडू बाहेर काढला त्याच्यावर अर्धं पान खर्च केलंस. त्या क्षणी शेजारच्या खुर्चीवर कुणी होतं का? ल्योंच्या रात्री जी तीनपर्यंत जागली, तिच्याही पोटात तेव्हा गोळा आला असेल, हे तुझ्या डोक्यात आलं नाही. उलट दोन दिवस तू तिच्याशी बोलला नाहीस. बिलबाओत अकरा जण हरले आणि अबोला मानेवाड्याला पाळला गेला. तिनं वाढलेलं ताट तू परत केलंस. त्या घरात ज्या एका माणसाला तुझ्याबरोबर हळहळायचं होतं, त्याच माणसावर तू तोंड फिरवून बसलास. याची मला कीव येत नाही, रागच येतो.

बघू की सोडू, हे विचारायला तुला माझी गरज नाही. सतरा वर्षं उन्हाळ्या-हिवाळ्याच्या रात्री जागलेला माणूस पंधराव्या क्रमांकामुळे सोडत नाही. 1974 ला खाली गेलेला संघ पुढच्याच वर्षी वर आला होता, हे मला तूच लिहून कळवलंस. आणि ज्यांनी तुम्हाला हरवलं ते टॉटनहॅम तर लीगमध्ये सतरावे होते, 22 सामने हरलेले, तरी त्यांच्या चाहत्यांनी चषक पाहिलाच. बघशील तू. तो प्रश्न बाजूला ठेव.

आता काय करायचं ते ऐक. एकच गोष्ट आहे आणि ती या आठवड्यातच करायची, सीझन सुरू व्हायची वाट पाहायची नाही. पाऊस अजून लागलेला नाही, कूलर चालूच असेल. आज रात्री पाणी तू टाक. मग तिच्याजवळ बस, टीव्ही बंद, फोन दुसऱ्या खोलीत, आणि विचार: "त्या रात्री मी झोपल्यावर पुढं काय झालं, सांग ना." हायलाइट्स तू पन्नास वेळा पाहिलेत, मला ठाऊक आहे. तरी विचार. तू पाहिलंयस तो तुकडा कापून जोडलेला. तिनं पाहिलं ते सलग, अंधारात, तू आत झोपलेला असताना. ती मेनूला 'तो बारीक पोरगा' म्हणाली तर दुरुस्त करू नकोस. ऑफसाइड समजावू नकोस. मिनिटं सांगू नकोस. कदाचित ती म्हणेल, काही नाही रे, सहज चालू केला होता. तेव्हा हसून विषय सोडून देऊ नकोस, तिथंच बसून राहा. इतक्या वर्षांत कुणी विचारलं नसेल तर पहिल्या प्रश्नाला माणूस असंच उत्तर देतो. दुसऱ्यांदा विचार.

ती सांगायला लागली की मध्ये बोलू नकोस, मग्वायरपर्यंत येऊ दे तिला.

आणि मला परत लिही. या वेळी तिचं नाव घालून.

— मावशी