विंडोज ७ चा सपोर्ट थांबवावा, पण ग्राहकाचा डेटा अडकू देऊ नये

आपला प्रश्न असा आहे की, कोल्हापुरातील शिवाजी उद्यमनगर आणि शिरोली एमआयडीसीतील कारखान्यांना दिलेले आपले बिलिंग व स्टॉकचे सॉफ्टवेअर विंडोज ७ आणि ८.१ वर चालते ठेवणे आता जड जात आहे. तर हा सपोर्ट बंद करावा का, आणि करायचा तर कसा. माझे मत स्पष्ट आहे: बंद करावा. मात्र नेमके काय बंद होणार आणि काय चालू राहणार, हे आधी लिहून काढावे.

हा निर्णय आता फारसा आपल्या हातात उरलेला नाही. मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० रोजी संपवला. संस्थांना पैसे भरून मिळणारी जादा सुरक्षा अपडेट जानेवारी २०२३ मध्ये थांबली आणि त्याच महिन्यात विंडोज ८.१ चीही मुदत संपली. क्रोम ब्राउझरची १०९ ही या दोन्हींवर चालणारी शेवटची आवृत्ती ठरली. पायथन या प्रोग्रामिंग भाषेची ३.९ आवृत्ती विंडोज ७ वर चालत नाही, आणि विंडोजचे प्रोग्राम ज्यावर चालतात ते मायक्रोसॉफ्टचे डॉट नेट फ्रेमवर्कही तेथे ४.८ च्या पुढे जात नाही. म्हणजे विंडोज ७ सांभाळायचे तर आपल्याला जुन्या लायब्रऱ्याही (प्रोग्राममध्ये वापरलेले इतरांचे तयार कोड) सांभाळाव्या लागतात, आणि त्यांतील सुरक्षेच्या उणिवा विंडोज १० व ११ वापरणाऱ्या ग्राहकांच्या संगणकांवरही जातात. जे वेळेवर नवे संगणक घेतात, त्यांनी हा धोका का पत्करावा?

सर्वांत आधी आपोआप होणारे अपडेट तपासा. अपडेट उतरवून घेण्यापूर्वी विंडोजची आवृत्ती पाहण्याची सोय प्रोग्राममध्ये नसेल, तर जुन्या संगणकावर नवी फाइल बसेल, प्रोग्राम उघडणार नाही आणि ग्राहकाचे बिलिंग ऐन कामाच्या वेळी बंद पडेल. म्हणून विंडोज ७ वर चालणाऱ्या शेवटच्या आवृत्तीतच ही तपासणी घाला, ती आवृत्ती सर्वांकडे पोहोचल्याची खात्री करा, आणि मगच पुढची आवृत्ती काढा. त्या शेवटच्या आवृत्तीचा इन्स्टॉलर कायम उपलब्ध ठेवा, कारण जुनी हार्ड डिस्क बदलल्यावर ग्राहक तोच मागणार आहे. तिच्यात घेतलेला बॅकअप नव्या आवृत्तीत उघडलाच पाहिजे. ही जबाबदारी सपोर्ट संपल्यावरही आपलीच राहते, असे मी मानतो.

फौंड्रीतील स्पेक्ट्रोमीटरला (धातूतील घटक तपासणारे यंत्र) किंवा जुन्या सीएनसी मशिनला (संगणकाच्या आज्ञेवर चालणारे यंत्र) जोडलेला संगणक हा वेगळा विषय आहे. त्या यंत्राला जोडणाऱ्या कार्डाचा ड्रायव्हर (ते कार्ड चालवणारा छोटा प्रोग्राम) नव्या विंडोजवर मिळत नसेल, तर मालक केवळ आपल्या सॉफ्टवेअरसाठी तो बदलणार नाही, आणि त्याचे म्हणणे रास्त आहे. त्याला इतकेच सांगावे की, त्या संगणकाचे इंटरनेट काढा, तो कार्यालयाच्या नेटवर्कपासून वेगळा ठेवा आणि बिलिंग दुसऱ्या संगणकावर न्या. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस नेटवर्कवरून पसरला, तेव्हा विंडोज ७ साठीची दुरुस्ती मार्चमध्येच आलेली होती आणि तरीही ती न बसवलेले असंख्य संगणक सापडले. आज तर अशी दुरुस्ती येण्याचीही सोय नाही.

तारीख ठरवताना मार्च आणि एप्रिल पूर्ण टाळा. इतर महिन्यांतही जीएसटीच्या मासिक विवरणपत्रांची, म्हणजे जीएसटीआर-१ ची ११ तारीख आणि जीएसटीआर-३बी ची २० तारीख उलटून गेल्यावरच बदल करा. किमान सहा महिने आधी कळवा, आणि केवळ ईमेलवर न थांबता प्रोग्राम उघडताच मराठीत सूचना दिसू द्या, कारण ईमेल मालकाकडे जातो आणि संगणकावर बसलेला असतो तो कारकून.

विंडोज १० ला मात्र इतक्यात हात लावू नका. त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असला, तरी संस्थांना पैसे भरून ऑक्टोबर २०२८ पर्यंत सुरक्षा अपडेट घेता येतात. शिवाय विंडोज ११ ला टीपीएम २.० (संगणकातील सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागत असल्यामुळे, अन्यथा उत्तम चालणारे अनेक संगणक त्यावर जाऊच शकत नाहीत.