यहूदा आणि पेत्र दोघेही चुकले, मग एकालाच क्षमा का मिळाली?

दोघेही येशूचे शिष्य; यहूदाने त्याला शत्रूंच्या हाती धरून दिले, तर पेत्राने आपण त्याला ओळखत नाही असे तीनदा सांगितले. पण क्षमा एकालाच मिळाली, असे शुभवर्तमानात (बायबलमधील येशूच्या चरित्रांत) कुठेही लिहिलेले नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 27 व्या अध्यायात यहूदा पस्तावतो, आपण निर्दोष रक्त धरून दिले अशी कबुली देतो आणि चांदीची 30 नाणी मंदिरात फेकतो. परंतु ही कबुली तो याजकांपुढे देतो, ते त्याला झिडकारतात आणि येशूच्या पुनरुत्थानाची (मरणातून उठण्याची) पहाट उजाडण्याआधीच तो गळफास घेतो. पेत्र मात्र रडतो आणि शिष्यांत टिकून राहतो.

योहानाच्या शुभवर्तमानातील एक बारकावा मला फार मोलाचा वाटतो: पेत्राने येशूला नाकारले ते कोळशांच्या शेकोटीजवळ, आणि पुनरुत्थानानंतर तिबिर्याच्या सरोवराकाठी येशू त्याला ‘माझ्यावर प्रीती करतोस काय?’ असे जणू तीन नकारांना उत्तर म्हणून तीनदा विचारतो, तेव्हाही जवळ कोळशांचाच विस्तव पेटलेला असतो, त्यावर मासळी असते.

मुंबईत गुड फ्रायडेला दुपारी 12 ते 3 या वेळेत होणाऱ्या मराठी उपासनेला कधी बसलात, तर येशूच्या वधस्तंभावरील सात उद्गारांपैकी पहिलाच ‘हे बापा, त्यांना क्षमा कर’ हा असल्याचे ऐकाल. त्या ‘त्यांना’मधून यहूदाला वगळलेले नाही.