कॉफीवाले ओट्स खळ काहून होतात?

मागच्या अंकात सकाळच्या घाईतल्या नाश्त्यांवर लिहिताना मी कॉफीच्या ओव्हरनाइट ओट्सबद्दल जेमतेम दोन ओळी लिहिल्या होत्या, की रात्री ओट्स, दूध आणि कॉफी कालवून फ्रिजमध्ये ठेवा अन् सकाळी डबा उघडून खा. तेवढ्यावरून इतके प्रश्न आले की या वेळचं सगळं पान त्यालाच देतेय. दोन ओळीत सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हतीच, हे पहिलं पत्र वाचूनच कळलं.

प्रश्न: ताई, मी नागपूरला मिहानमध्ये जॉबला आहे, मनीषनगरहून सकाळी सातची कॅब असते. तुमचं वाचून मी कॉफीवाले ओट्स दोनदा केले अन् दोन्हीदा फसले. पहिल्यांदा सकाळी डबा उघडला तर पार खळ झालेली, चमचा उभा राहत होता. दुसऱ्यांदा दूध जास्त टाकलं तर वर पाणी, खाली गाळ, आणि कॉफीची भुकटी दाताखाली कचकच लागत होती, कडूजहर. घरी सासूबाई फिल्टर कॉफीची पावडर आणतात, तीच दोन चमचे टाकली होती. नवरा म्हणतो सोड हे, पोहे खा. पण सकाळी पोहे करायला वेळ कुठं आहे? काय चुकून राहिलं माझं?

उत्तर: अगं, तुझ्या दोन वेगळ्या चुका एकाच डब्यात पडल्यात, म्हणून एक सुधारायला गेलीस तर दुसरी वर आली. आधी ओट्सचं बघू. तू बहुतेक क्विक किंवा इन्स्टंट ओट्स घेतलेस. पोह्यांचंच उदाहरण घे, तर्री पोह्यासाठी आपण जाड पोहे घेतो ना, चिवड्याचे पातळ पोहे भिजवले तर काय होईल? लगदाच. ओट्सचंही तसंच आहे. क्विक ओट्स बारीक कापून पातळ लाटलेले असतात, दोन-तीन मिनिटांत शिजावेत म्हणून, ते आठ तास दुधात राहिले की विरघळल्यासारखे होतात. तुला पाहिजे रोल्ड ओट्स. पाकिटावर नाव नीट कळत नसेल तर चिमूटभर तळहातावर घेऊन बघ, अख्ख्या दाण्याची चपटी, गोलसर, जाडसर पाकळी दिसली तर तेच, आणि तुकडे तुकडे अन् खाली पीठ दिसलं तर ते उपम्यासाठी ठेव. स्टील कट म्हणून तिसरा प्रकार मिळतो, तो कण्यांसारखा असतो, रात्रभर भिजूनही चावायला कडक लागतो, या कामाला नको.

ओट्समध्ये बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू असतो, तो पाणी धरून ठेवतो आणि घट्टपणा येतो तो त्याच्यामुळे. पोटालाही तो चांगला, कोलेस्टेरॉल कमी करायला मदत करणारा म्हणून ओट्सचं नाव झालंय ते याच्याचमुळे. पण पाकळी मोडलेली असली की हा सगळा चिकटपणा एकदम बाहेर येतो, त्याचीच तुझी खळ झाली.

आता कॉफी. फिल्टरची पावडर म्हणजे भाजून दळलेल्या बिया, त्या कशातच विरघळत नाहीत, कितीही ढवळ. घरी तीच असेल तर फिल्टरमध्ये घट्ट डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा अर्क, पाड आणि ते दोन टेबलस्पून वापर, चव तर याचीच सगळ्यात छान येते. सासूबाई सकाळसाठी रात्रीच डिकॉक्शन लावत असतील तर त्यातलंच मागून घे. नाहीतर इन्स्टंट कॉफी. ती विरघळते, पण थंड दुधात नीट नाही, तिच्या गुठळ्या राहतात आणि एकेक गुठळी तोंडात कडू फुटते. म्हणून आधी गरम पाण्यात, हे काही झालं तरी चुकवायचं नाही.

मी कसं करते ते सांगते. रात्री ओटा पुसून झाला की एका छोट्या वाटीत एक सपाट टीस्पून इन्स्टंट कॉफी, एक-दोन टीस्पून किसलेला गूळ आणि वर दोन टेबलस्पून कडकडीत पाणी. चमच्याने फिरवत राहिलं की आधी कडेने तांबूस फेस येतो, मग गूळ तळाशी कुरकुरायचा थांबतो, चमचा गुळगुळीत फिरायला लागतो, तेव्हा समजायचं झालं. ही वाटी बाजूला ठेवून निवू द्यायची, गरम गूळ-कॉफी दुधात ओतली तर दूध फाटू शकतं. तोवर झाकणाच्या डब्यात अर्धा कप म्हणजे ४० ग्रॅम ओट्स, एक टेबलस्पून चिया बी आणि अगदी चिमटीभर मीठ कोरडंच हलवून घ्यायचं. मीठ ऐकून लोक चमकतात, पण मिठाने कडूपणा दबतो, टाकून बघ एकदा. मग निवलेली कॉफी, अर्धा कप उकळून थंड केलेलं दूध, साय काढून बरं का, नाहीतर सकाळी तिचे तुकडे तोंडात येतात, आणि दोन टेबलस्पून ताजं, आंबट नसलेलं दही. दह्याने मलईदारपणा येतो. नको असेल तर तेवढंच दूध वाढव.

एवढं ढवळलं की लगेच फ्रिजमध्ये टाकू नकोस. दहा मिनिटांनी पुन्हा एकदा तळापासून ढवळ, कारण चिया खाली बसून एकमेकांना चिकटतो अन् वर पाणी राहतं, तुझ्या दुसऱ्या डब्यात गाळ झाला त्यात हेही असेल. चिया नसेल तर सोड, दूध दोन-तीन चमचे कमी घे. सब्जा चालेल का असंही दोघी-तिघींनी विचारलंय, चालतो, पण तो पाच मिनिटांत फुगतो आणि त्याची गोळी वेगळी लागते, फालुद्यासारखी, मला कॉफीत ती आवडत नाही. सहा तास पुरे होतात, रात्रभर राहिलं तर उत्तमच. सकाळी घट्ट वाटलं तर चमचाभर दूध घालायचं, वरून चार भाजलेले बदाम नाहीतर शेंगदाणे. केळं घालायचं तर सकाळीच कापून, रात्री घातलं की काळं पडतं. आणि कॅबमध्ये खाणार असशील तर रुंद तोंडाचा स्टीलचा डबा घे, काचेच्या बरणीत चमचा तळापर्यंत जात नाही अन् धक्क्यात हातातून सुटायची भीती वेगळीच.

पोहे काही कुठं पळून जात नाहीत, ते रविवारी करा दोघं मिळून.

प्रश्न: माझं वय ६४, नागपूरच्या महाल भागात राहतो. शुगर आहे, थायरॉइडची गोळी सुरू आहे. सून हे ओट्स करते आणि मलाही देते. न शिजवलेलं धान्य असं कच्चंच खाल्लं तर बाधत नाही का? आणि गोळीचं काय?

उत्तर: काका, कच्चं नाहीये ते. रोल्ड ओट्स कारखान्यातच वाफवून मग रुळाखाली चपटे करतात, त्यामुळे नुसते भिजवूनही खाता येतात. पोटात गच्च वाटलं तर सुरुवातीला अर्धाच डबा खा, तंतुमय खाण्याची सवय हळूहळू होते, आणि दिवसभर पाणी जास्त प्या.

पण तुमच्या डब्यात गूळ नको. गूळ, मध, खजूर हे सगळं साखरेसारखंच शुगर वाढवतं, गूळ चांगला असतो म्हणून शुगरवाल्याने खावा असं होत नाही. सूनबाईंना सांगा, तुमचा वेगळा डबा करायचा, गोडाऐवजी वेलची किंवा जायफळ, आणि ओट्स ४० ग्रॅमच, वाटी उलटी करून नाही. खाऊन दोन तासांनी घरच्या मशीनवर शुगर बघा एक-दोनदा, तुमच्या अंगाला मानवतं का ते तिथंच कळेल, आणि तो आकडा डॉक्टरांना दाखवा.

गोळीचं विचारलंत ते फार बरं केलंत. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची असते, कॉफीने ती नीट शोषली जात नाही, दुधातल्या कॅल्शियमनेही नाही, आणि इथं दोन्ही एकाच डब्यात आहेत. उठल्या उठल्या गोळी, मग निदान एक तास जाऊ द्या, फिरून या, आंघोळ-पूजा आटपा आणि मग डबा उघडा. ज्या बायका रक्त वाढायची लोहाची गोळी घेतात त्यांनीही ती कॉफीजवळ घेऊ नये, कॉफीने लोहही नीट शोषलं जात नाही, आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२४ च्या आहार मार्गदर्शनात चहा-कॉफी जेवणाच्या आधी अन् नंतर तासभर टाळा म्हटलंय ते याच कारणासाठी. त्यातच दिवसाला ३०० मिलिग्रॅम कॅफिनची मर्यादा दिली आहे. एका कप इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५ असतं, आपल्या डब्यातही साधारण तेवढंच येतं, म्हणून ते खाल्लं तर वरून सकाळचा कॉफीचा कप नको. कॉफीत चिकोरीच्या भाजलेल्या मुळाची पूड मिसळलेली असली तर ती किती टक्के ते पाकिटावर छापलेलं असतं, चिकोरीत कॅफिन नसतं, ती जास्त असली की रंग गडद पण कॉफी कमी.

प्रश्न: मुलगा नऊ वर्षांचा आहे, माझा डबा बघून तोही मागतो. द्यावा का?

उत्तर: कॉफीचा नको. लहान मुलांना कॅफिनची काही गरज नाही, झोप बिघडते आणि चिडचिड होते. त्याच्यासाठी तसंच सगळं करा, फक्त कॉफीच्या जागी एक टीस्पून कोको गरम पाण्यात कालवून घाला, दिसायला अगदी तुमच्यासारखाच डबा होतो अन् रुसवा पण राहत नाही. कोकोतही थोडं कॅफिन असतं, पण अगदी कमी.

प्रश्न: मी वरून संत्र्याच्या फोडी छान लागतील म्हणून रात्रीच रस पिळून घातला तर दूध फाटून चोथा झाला. नागपुरात राहून संत्रं खायचं नाही का? आणि रविवारीच आठवड्याचे डबे भरून ठेवले तर चालतील? उन्हाळ्यात आमच्याकडे लाइट फार जाते.

उत्तर: संत्रं खायचंच, पण सकाळी. रसातल्या आंबटपणाने दूध फाटतं, ते रात्रभर राहिलं तर होणारच तसं. फोडी सोलून, पांढऱ्या शिरा काढून, खाताना वर ठेवा, आणि सालीचा नुसता केशरी भाग चिमूटभर किसून रात्रीच डब्यात टाका, त्यात आंबट नसतं, वास मात्र सगळा असतो. कॉफी आणि संत्र्याची साल ही जोडी मी पहिल्यांदा खाल्ली तेव्हापासून हिवाळ्यात संत्र्यांची साल सरसकट फेकून देणं बंद केलंय. साल आधी नीट धुऊन घ्या, त्यावर फवारा असतो.

आठवड्याचे डबे नका भरू. तीन दिवस ठीक, रविवारी केलेले बुधवार सकाळपर्यंत संपवायचे, पुढे ओट्स फार मऊ पडतात आणि दहीही आंबत जातं. त्यापेक्षा कोरडं सामान, म्हणजे ओट्स, चिया, मीठ, पाच डब्यांत मोजून ठेवा आणि रोज रात्री फक्त ओलं घाला, चार मिनिटांचं काम आहे.

लाइटचं मात्र मनावर घ्या. एप्रिल-मेमध्ये, त्यातही नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, आपल्याकडे स्वयंपाकघर रात्रीसुद्धा तापलेलं असतं, तिथं दुधाचा डबा ओट्यावर तासभरही विसरू नका. लाइट गेली तर फ्रिज उघडूच नका, दार बंद राहिलं तर आत साधारण चार तास गारवा टिकतो. त्याहून जास्त वेळ लाइट गेली असेल तर डबा टाकून द्या, वास घेऊन ठरवू नका, कारण कॉफीच्या वासाखाली नासलेल्या दुधाचा वास कळत नाही. ऑफिसला नेताना डब्याला गोठवलेल्या पाण्याची छोटी बाटली लावून, दोन्ही एका टॉवेलात गुंडाळून न्या आणि पोचल्याबरोबर खा, अकरा वाजता भूक लागेल म्हणून पर्समध्ये ठेवू नका.