निगेटिव्ह आलंय, मग बरंच की!

"कोविडात अँटिजेन निगेटिव्ह आली की सुटलो म्हणायचो. हिची पण निगेटिव्हच आहे, मग डॉक्टरीणबाई एवढ्या काळजीत का?" सासूबाईंनी विचारलं. शेजारी सून, पाचवा महिना, केसपेपरवर 'बी निगेटिव्ह'. मुलगा ओ पॉझिटिव्ह. शेजारणीनं सांगून ठेवलेलं, रक्तं जुळत नाहीत, मूल टिकायचं नाही.

गरोदर बायकांच्या ओपीडीत मी समुपदेशक आहे. हा घोळ नेहमीचाच. अँटिजेन म्हणजे रोग, हे कोविडनं लोकांच्या डोक्यात पक्कं बसवलं. शाळेच्या पुस्तकात त्याला प्रतिजन म्हणतात: जो परका वाटला की शरीर त्याच्यावर प्रतिपिंडं सोडतं, असा पदार्थ. विषाणूवरचं प्रथिन प्रतिजन, तसंच तांबड्या पेशींवरचं 'डी' हेही.

"काकू, हा डी तुमच्या मुलाच्या रक्तात जन्मापासून आहे. तो आजारी आहे का?"

"छे गं!"

"त्याला तो घरचाच. हिच्या रक्तात नाही, म्हणून ही 'निगेटिव्ह', आणि म्हणूनच हिच्या शरीराला तो परका."



बाळानं वडिलांचा डी घेतला आणि बाळंतपणात त्याचं रक्त आईच्या रक्तात मिसळलं, तर तिच्यात प्रतिपिंडं तयार होऊ शकतात. पहिलं मूल सहसा सुखरूप असतं. पुढच्या खेपेला तीच प्रतिपिंडं वारेतून जाऊन बाळाच्या तांबड्या पेशी फोडतात.

सासूबाई चहाला गेल्या तेव्हा सून हळूच म्हणाली, "मॅडम, ही पहिली खेप नाही. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या महिन्यात गेलं होतं. पिशवी साफ केली. इंजेक्शन कुणी दिलं नाही."

मला हेच ऐकायला हवं होतं. तेव्हाही रक्त मिसळलेलं असू शकतं. अँटी-डी इंजेक्शन देतात ते प्रतिपिंडं तयार होऊ नयेत म्हणून; ती एकदा तयार झाली की त्याचा उपयोग नसतो. डॉक्टरांच्या कानावर घातलं, रक्तात ही प्रतिपिंडं आहेत का ते बघणारी कूम्ब्स टेस्ट झाली. निगेटिव्ह. हे मात्र खरोखरच बरं होतं. प्रतिपिंडं अजून नव्हती. अठ्ठाविसाव्या आठवड्यात अँटी-डी दिलं. बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर 72 तासांच्या आत पुन्हा, हे मी दोघींकडून म्हणवून घेतलं.

मुलगी झाली, बी पॉझिटिव्ह. वॉर्डात गेले तर सासूबाई नर्सच्या मागे लागलेल्या, "काल चार वाजता झालीय. तुमचे बहात्तर तास कधी भरतात?"