ड्रिल स्पर्धेत मैदानाबाहेरची ड्युटी लागली आहे, नेमकं काय काय करायचं?

प्रश्न असा आहे: दर्यापूर तालुक्यातल्या एका शाळेच्या मैदानावर जानेवारीत १२ शाळांची एनसीसी ड्रिल स्पर्धा आहे. संघात निवड न झालेल्या २० कॅडेटना सरांनी व्यवस्थेत घातलं आहे आणि त्यांना कामाची नीट कल्पना नाही.

सकाळी आठला उतरणाऱ्या पहिल्या संघाला जे मैदान, जेवढा वेळ आणि जेवढी शांतता मिळते, तीच बाराव्या संघालाही मिळाली पाहिजे. तुमची सगळी कामं यातूनच निघतात. माणसं मी अशी वाटेन: मैदानावर सहा, संघांना बोलवायला तीन, टर्नआउटच्या (गणवेश नीटनेटका करण्याच्या) टेबलावर तीन, पाणी आणि प्रथमोपचाराला चार, परीक्षकांचे कागद नेण्याला दोन, गुणांच्या बेरजेला दोन. सगळ्यांवर एकच सिनिअर कॅडेट, आणि सरांशी बोलेल तोही तोच.

मैदानाचं काम आठ दिवस आधी सुरू करा. तुमच्याकडची खोल काळी माती जानेवारीपर्यंत भेगाळलेली असते. तेज चलमध्ये, म्हणजे कवायतीच्या झपाट्याच्या चालीत, मुलं खाली बघत नाहीत, त्यामुळे भेगेत टाच गेली की पाय मुरगळलाच. भेगा ढेकळांनी भरू नका, दोन संघ चालून गेले की त्या पुन्हा खचतात. बारीक मुरूम भरा, धुमसाने ठोका, वर पुन्हा मुरूम टाका. मग सहा जण हातभर अंतर ठेवून एका रांगेत मैदानभर चाला आणि गोखरू, पऱ्हाटीची खुटं, काचा, खडे वेचा. झाडूने गोखरू निघत नाही, हातानेच काढावं लागतं. फुफाटा बसावा म्हणून मुरमाच्या मैदानावर आदल्या संध्याकाळी पाणी शिंपडतात. काळ्या मातीवर तसं करू नका. ती बुटाला चिकटते, तळ जड होतो आणि कदमाचा आवाजच मरतो.

आखणीला ४० बाय २५ मीटरचा चौकोन पुरतो. २४ जणांचा संघ तीन रांगांत उभा राहिला की रुंदी सहा-सात मीटर होते, त्यामुळे वळायला भरपूर जागा राहते. कोपरा काटकोनात आणायला सुतळीवर एका बाजूला ३ मीटर, दुसऱ्या बाजूला ४ मीटर मोजा. त्या दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५ मीटर आलं पाहिजे. शेवटी दोन्ही कर्ण मोजा, दोन्ही ४७ मीटर १७ सेंटिमीटरच्या आसपास यायला हवेत. चौकोन तिरपा झाला तर सरळ उभी असलेली रांगही परीक्षकांना वाकडी दिसते, आणि गुण संघाचे जातात. मंच उत्तरेला ठेवा. हिवाळ्यात ऊन दक्षिणेकडून येतं, मंचाकडे तोंड करून उभ्या मुलांच्या ते पाठीवर पडतं. परीक्षकांच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून मांडवाची झालर खाली सोडा.

खुंट्या आणि सुतळी आदल्या संध्याकाळी लावा, फक्की (रेषा आखायची पांढरी भुकटी) मात्र सकाळीच मारा, कारण रात्री गुरं आणि कुत्री फिरून रेषा पुसतात. फक्कीचं २५ किलोचं एक चुंगडं (पोतं) वापरा, एक राखीव ठेवा. दर चार संघांनंतर रेषा पुन्हा उजळाव्या लागतात. दुकानदाराकडून कळीचा चुना चुकूनही घेऊ नका, ओल लागली की तो तापतो आणि कातडी भाजते. साध्या फक्कीलाही नाकावर रुमाल आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. डोळ्यात गेलीच तर चोळायचं नाही, दहा-पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याची धार सोडायची आणि लगेच डॉक्टरांकडे न्यायचं. रेषा मारून झाल्या की सुतळी काढून टाका आणि आतल्या खुंट्या उपटा, नाहीतर पहिलाच संघ त्यात अडकतो.

वेळेचं गणित सोपं आहे. एका संघाला ७ मिनिटं ड्रिल आणि ३ मिनिटं बदल धरली तर १२ संघांची १२० मिनिटं होतात, म्हणजे ऊन चढायच्या आत स्पर्धा आटोपते. वेळ बुडतो तो बदलात. म्हणून एक संघ मैदानात, दुसरा प्रवेशरेषेवर, तिसरा टर्नआउटच्या टेबलाशी आणि बाकीचे सावलीत, अशी साखळी ठेवा. प्रवेशरेषेवरच्या संघाला आराम से उभं राहू द्या. घड्याळं दोन असावीत, एक बंद पडलं तरी वाद होत नाही. आडगावाहून येणाऱ्या संघाची एसटी चुकली तर त्याला कधी उतरवायचं हा नियम चिठ्ठ्या काढतानाच सगळ्या शाळांसमोर ठरलेला असावा. ऐन वेळी गेटवरच्या कॅडेटने तो निर्णय घेऊ नये.

तेज चलचा वेग मिनिटाला १२० कदम, कदम ३० इंचांचा. म्हणजे मिनिटाला सुमारे ९१ मीटर, आणि ४० मीटरची बाजू २६ सेकंदांत संपते. म्हणून रेषेला खेटून कोणी उभं राहू नका, किमान पाच मीटर मागे थांबा.

शांततेकडे सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं. सरावाची जागा इमारतीच्या पलीकडे ठेवा. शेजारच्या पटांगणावर कोणी ‘थम’ ओरडलं तर मैदानातली अर्धी रांग थांबते, आणि त्यात त्या मुलांची काहीच चूक नसते. संघ मैदानात असेपर्यंत माइक बंद, ढोल बंद, टाळ्या संघ बाहेर पडल्यावर. तुमच्या शाळेचा संघ उतरला तरी कोणी इशारा करू नका.

टर्नआउटच्या टेबलावर सुई, खाकी दोरा, सेफ्टी पिना, काळी पॉलिश, दोन ब्रश, कोरडी सुती फडकी, जास्तीच्या लेसा, केसांच्या काळ्या पिना आणि जाळ्या, नेलकटर एवढं ठेवा. बुटावर धूळ बसली असेल तर ओलं फडकं लावू नका, चिखलाचे ओघळ उठतात. कोरड्याने झटका, मग ब्रश मारा. मुलींसाठी आतून कडी लागणारी वेगळी खोली, तिथे सॅनिटरी पॅड आणि एक मुलगी कॅडेट हवीच.

पाण्याचा हिशोब आधीच सरांपुढे मांडा. कमांडर धरून २५ जणांचे १२ संघ म्हणजे ३०० मुलं. माणशी २ लिटर धरलं तर ६०० लिटर, म्हणजे २० लिटरचे ३० जार. शिक्षक, परीक्षक आणि तुम्ही मिळून ३५ मागवा. दर्यापूर खारपाणपट्ट्यात येतं, तेव्हा बोअरच्या पाण्यावर विसंबू नका, आणि त्यात ओआरएस तर मुळीच कालवू नका, मीठ आधीच जास्त असतं. मोठी पुडी पूर्ण एक लिटर पिण्याच्या पाण्यात टाकायची. अर्धी पुडी ग्लासभर पाण्यात टाकली की प्रमाण बिघडतं आणि मुलाला जास्त त्रास होतो.

चक्कर येण्याचे प्रकार हमखास होतात. पहाटेच्या बसने उपाशी आलेली मुलं गुडघे ताठ करून सावधानमध्ये उभी राहतात, रक्त पायांत साचतं आणि डोक्याला कमी पडतं. म्हणून पोहोचल्याबरोबर पोहे किंवा केळी द्या. प्रत्येक संघाच्या मागे, रेषेबाहेर, दोघं उभे ठेवा. मूल डोलायला लागलं की पडायच्या आत धरा, सावलीत उताणं निजवा, पाय फूटभर उचला, बेल्ट आणि कॉलर सैल करा. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत तोंडात पाणी घालू नका. एक-दोन मिनिटांत शुद्ध आली नाही किंवा डोकं आपटलं असेल तर १०८ ला फोन करा.

गुणपत्रिका नेणाऱ्याने कागद दुमडून थेट टेबलावर द्यायचा, वाटेत बघायचा नाही. यजमान शाळेचा संघ स्पर्धेत असेल तर त्याचे कागद आणि बेरीज शिक्षकांनीच हाताळावी. बेरीज करताना एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने लिहायचं, मग अदलाबदल करून पुन्हा. सगळे आकडे एकाच लिपीत लिहा, असं परीक्षकांना सकाळीच सांगा. मराठी १ घाईत इंग्रजी नवासारखा दिसतो, ४ इंग्रजी आठासारखा आणि ५ इंग्रजी चारासारखा. या गोंधळात निकाल फिरतो. खाडाखोड असेल तिथे त्याच परीक्षकाची सही घ्या.

शस्त्र कवायत असेल तर डीपी रायफली (फक्त कवायतीच्या, गोळी न सुटणाऱ्या) पीआय स्टाफच्या, म्हणजे एनसीसीच्या लष्करी प्रशिक्षकांच्या, ताब्यात राहतात. सांगितल्याशिवाय हात लावू नका, सांगितलं तर घेताना आणि देताना मोजा.

संपल्यावर खुंट्या मोजून काढा. २४ ठोकल्या असतील तर २४ हातात आल्या पाहिजेत, दुसऱ्या दिवशी त्याच मैदानावर पाचवी-सहावीची पोरं अनवाणी कबड्डी खेळतात.